कॉम्प्युटरचं जुकाट

लोणीच्या गेणभाऊंच्या पायाला भिंगरी आहे, हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक. जेवतानासुद्धा त्यांचा एक पाय उंबऱ्याबाहेर असतो आणि त्यांच्या चपला त्यांच्याआधीच वेशीपर्यंत जाऊन येतात, असं लोक सांगतात. लोक म्हणजे बहुतेक वेळा गेणभाऊच. पण त्या आठवड्यात मात्र त्यांनी कहर केला. अंगणात येरझारा घालून घालून अशी पायवाट पाडली की कोंबड्याही तिच्यावरून रांगेनं चालायला लागल्या.

कारण होतं एक कॉम्प्युटर, जो अजून घरात आलेलाही नव्हता.

त्यांची नात हर्षाली चाकणच्या एका कंपनीसाठी लोखंडी साच्यांची चित्रं काढायची. काम घरूनच. पण लॅपटॉपच्या वीतभर पडद्यात डोळे घालून तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, म्हणून मोठा कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. त्यात म्हणे दोन जाती. एक ऑल-इन-वन, म्हणजे पडद्याच्याच पोटात सगळं यंत्र. दुसऱ्यात पडदा वेगळा आणि यंत्राची पेटी वेगळी. यातलं कुठलं घ्यायचं यावर घरात कुणाचीच झोप उडायचं कारण नव्हतं. गेणभाऊंची उडाली, कारण त्यांनी हर्षालीचा फोन ऐकला. ती इंदू नावाच्या कुठल्याशा मैत्रिणीला सांगत होती की ऑल-इन-वनच बरं, एकच नग, स्कुटीवर पुढ्यात धरला की निघाले.

‘निघाले’ हा शब्द गेणभाऊंच्या कानात असा घुसला की दोन वेळा आंघोळ करूनही निघेना.

आता हर्षाली गेली तर काय बिघडणार होतं? कांदा खुरपायला बायका होत्या, गुरांना मुलगा सुदर्शन होता, चुलीला सून मोहिनी होती. बिघडणार होतं ते एवढंच, की गेणभाऊंच्या गोष्टीला हुंकार देणारं माणूस घरात उरणार नव्हतं. गोष्ट सुरू झाली की सुदर्शनला कांद्याची चाळ आठवायची, मोहिनीला चुलीवरचं दूध आठवायचं. शेजारचे तर गेणभाऊंनी घसा खाकरला तरी दार ओढून घ्यायचे. एकटी हर्षाली लहानपणापासून मांडी घालून समोर बसायची आणि योग्य त्या जागी म्हणायची, “मग?”

त्या ‘मग’वर गेणभाऊ जगत होते. शर्यतीच्या घाटात त्यांचा वजीर बैल असा सुटला की तो वर पोचला तरी त्याची सावली खाली निशाणापाशीच उभी होती, हे ते सांगायचे. मग? मग काय, सावलीला आणायला घोडी पाठवावी लागली. आणि बारी, म्हणजे गाड्याची घाटातली ती धाव, किती सेकंदांत बसली, यावर मात्र हर्षाली त्यांना पकडायची. “आबा, गेल्या वेळी बारा सेकंद होते. आता अकरा कसे?” गेणभाऊ शांतपणे सांगायचे, “अगं, सांगता सांगता बैल तापत्यात.”

एकदा तर शेळीसाठी आलेला बिबट्या उसाच्या कडेला ही गोष्ट ऐकत बसला आणि शेळी विसरून गेला. हुंकारही देत होता म्हणे. पण बिबट्याच्या हुंकारावर माणसानं किती दिवस काढायचे?

तेव्हा गेणभाऊंनी मनाशी पक्कं केलं, की काय वाट्टेल ते होवो, घरात वेगळ्या पडद्याचा आणि वेगळ्या पेटीचाच कॉम्प्युटर यायला हवा. त्याचं कारणही भक्कम होतं. गावातल्या सोसायटीच्या हापिसात तसला एक कॉम्प्युटर त्यांनी पाहिला होता. खाली ट्रंकेएवढी लोखंडी पेटी, वर पडदा, मागं वारुळातून नाग निघावेत तशा वायरी. तो ठेवल्यापासून कुणी हलवला नव्हता. मागच्या साली हापिसाला रंग दिला, तेव्हा रंगाऱ्यानंही त्याला हात लावला नाही, त्याच्या भोवतीनं रंग दिला. असला कॉम्प्युटर एकदा का घरात मुळं धरून बसला, की त्याला सोडून पोर जाईल कुठं?

हे त्यांनी हर्षालीला सांगितलं नाही. “जाऊ नको” हे दोन शब्द म्हणायला त्यांना जमत नव्हतं. ज्यांना दोन शब्दांत सांगता येतं, ते गोष्टी कशाला सांगतील?

शनिवारी सुदर्शनची पिकअप कांदा घेऊन आळेफाट्याला निघाली, तशी आजा-नात पुढच्या सीटवर बसली. आजा म्हणजे बसल्यासारखा. वाटेत त्यांनी काच खाली केली, वर केली, टोपी काढली, घातली, आणि सुदर्शनला तीनदा सांगितलं की गाडी जरा दामट, दुकान उठून जाईल. सुदर्शन म्हणाला, दुकान आहे, बाजार नाही. त्यानं दोघांना फाट्यावर उतरवलं आणि तो कांद्याच्या लिलावाला गेला.

दुकान अमृत नावाच्या तरुणाचं. ट्रकच्या गॅरेजला लागूनच, म्हणून काचेवर कायम धुळीचा हात. अमृतनं खुर्ची पुढं केली. गेणभाऊंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ते उभेच राहिले. टेबलावर ऑल-इन-वन मांडून ठेवला होता. अमृत त्याचे गुण सांगत होता: वायर एकच, कॅमेरा आतच, आवाजही आतूनच येतो, दिसायला देखणा. गेणभाऊ तोवर त्याच्याभोवती फिरले. बेल्ह्याच्या बाजारात बैल बघावा तसा त्यांनी तो पुढून बघितला, मागून बघितला, खाली वाकून पाय बघितले, आणि पाठीवर थाप मारणार तेवढ्यात हर्षालीनं त्यांचा हात धरला.

गेणभाऊंनी अमृतला विचारलं, “ह्याचं पोट कुठं हाय?”

“पडद्याच्या मागंच बाबा. सगळं आत बसवलंय.”

“आन् पडदा फुटला तर?”

“मग सेट सर्व्हिसला पाठवायचा.”

“समदा?”

“समदाच.”

“म्हंजी एका बैलाचा खूर दुकला, तर चारी बैल दवाखान्यात.”

अमृत हसला. हर्षाली मात्र त्या देखण्या पडद्याकडे बघत म्हणाली की आबांचं खरं असेल, पण याला जागा कमी लागते. गेणभाऊंनी लगेच हिशेब मांडला. जागा कमी म्हणजे खोली लहान, खोली लहान म्हणजे ती लोणीची नव्हे.

“जागंला काय धाड भरलीया? ओसरीत चार बैल बांधतील एवडी जागा हाय,” ते म्हणाले.

हर्षाली बोटानं पडद्याची कड चाचपत राहिली. अमृतनं खोका काढायला हात घातला. तेव्हा गेणभाऊंनी खुर्ची बाजूला सारली, दुकानाच्या मधोमध उभे राहिले, आणि जे हत्यार त्यांच्याकडे एकच होतं ते उपसलं. त्यांनी घसा खाकरला.

त्यांनी जुगलबंदीची गोष्ट काढली. आपल्याकडच्या शर्यतीत गाड्याला चार बैल. पुढची जोडी ती जुकाट, मागची ती धुर. एकाच्या दावणीला चारी बैल चांगले असतीलच असं नाही, म्हणून दोन मालक मिळून गाडा जुंपतात. एकाचं जुकाट, दुसऱ्याची धुर, ती जुगलबंदी. शर्यतींवरची बंदी उठल्यावर पहिल्याच यात्रेला गेणभाऊंचं जुकाट होतं राजा आणि वजीर. बिनतोड. पण त्यांच्या धुरेचा एक बैल ऐन वेळी लंगडला. सगळा गाव म्हणाला, यंदा गेणभाऊंचा गाडा वर चढत नाही. तेव्हा पारगावच्या दादाभाऊची धुर आली.

दादाभाऊचं नाव निघालं तशी हर्षालीची भुवई वर गेली. ते नाव घरात घ्यायची सोय नव्हती. पण गेणभाऊ आता रंगात आले होते आणि रंगात आलेल्या माणसाला आपण काय बोलतो ते ऐकू येत नाही. त्यांनी दादाभाऊच्या बैलांची शिंगं वर्णिली, खांदे वर्णिले. म्हणाले, ती धुर जुकाटाच्या मागं अशी पळाली, जशी चारी बैलांना एकच आई. झेंडा पडला आणि घाटात धूळ उठली ती दोन दिवस खाली बसली नाही. लोकांनी बारी पाहिलीच नाही, नुसती ऐकली.

“मग?” हर्षाली म्हणाली.

“मग धा सेकंद.”

“आबा, अकरा होते.”

“आळंफाट्यापतूर यायला बैल तापनारच की.”

अमृत गल्ला विसरून टेबलावर बसला होता. गेणभाऊंनी लोखंड तापलेलं बघून घाव घातला. म्हणाले, “ह्यातली मेख ध्येनात घे, हर्षे. जुकाट आपलं असलं का धुर कुनाचीबी चालती. आज ह्याची, उद्या त्याची. पन चारी बैल एकाच कातड्यात शिवून टाकले, तर कुनासंगं जुंपशील?”

हर्षाली विचारात पडली. एकदा ऑल-इन-वनकडे बघितलं, एकदा शेजारच्या सुट्या पडद्याकडे. मग हळूच म्हणाली, “म्हणजे पेटी आपली असली, की पडदा कुणाचाही चालतो.”

“कुनाचाबी.”

“पटलं आबा.”

इतक्या झटकन? गेणभाऊंना आनंद मावेना. तो आनंद घेऊन एका जागी उभं राहणं त्यांना शक्यच नव्हतं. ते बाहेर पडले, शेजारच्या हॉटेलात चहा सांगितला, आणि नाशिककडे निघालेल्या एका ट्रकवाल्याला तीच बारी नऊ सेकंदांत सांगितली. ट्रकवाल्याला मराठी येत नव्हतं, म्हणून त्यानं सगळी ऐकून घेतली.

ते परत आले तोवर पैसे देऊन झाले होते. पडद्याचा भला मोठा खोका पिकअपच्या हौद्यात रिकाम्या गोण्यांवर आडवा ठेवला होता. मोठी पेटी कुठं दिसली नाही, पण असेल गोण्यांखाली, असं गेणभाऊ धरून चालले. हर्षालीच्या मांडीवर नुसती एक कापडी पिशवी होती.

परतीच्या वाटेवर मात्र त्यांच्या मनात किडा वळवळायला लागला. वाद इतक्या सहज जिंकायची त्यांना सवय नव्हती. जो बैल मान खाली घालून गुमान जू घेतो, तो पुढं जाऊन लाथ मारतो, हा त्यांचा अनुभव. त्यात हर्षालीनं फोन काढला आणि ती हसून म्हणाली, “इंदू, ठरलं. तू म्हणत होतीस त्यापेक्षा भारी झालं.”

काय भारी झालं? गेणभाऊंनी काच खाली केली, वर केली. पारगावजवळ कारखान्याच्या उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडवला होता. पिकअप थांबली तसे ते उतरून चालायलाच लागले. रस्त्याला लागून दादाभाऊची वस्ती आली, तेव्हा त्यांनी नेहमीप्रमाणे मान उजवीकडे वळवली आणि नसलेल्या कुणालातरी रामराम केला. त्या गाजलेल्या बारीनंतर भोंग्यावरून पुकारा झाला होता, ‘दादाभाऊ आणि गेणभाऊ यांचा गाडा.’ दादाभाऊचं नाव आधी. जुकाट गेणभाऊंचं, पुढं पळाले गेणभाऊंचे बैल, आणि नाव मागं? घाटातच दोघांची जुंपली. त्या दिवसापासून दोघांत बोलणं नाही. बैल मात्र अजून एकमेकांच्या वासानं हंबरतात.

घरी आल्यावर ओसरीत टेबल मांडलं. हर्षालीनं खोका फोडला. पडदा निघाला, चांगला परातीएवढा रुंद. गेणभाऊ हौद्यात चढले आणि गोण्या उचकटायला लागले. एक उचकटली, दुसरी उचकटली. सुदर्शननं विचारलं, काय शोधताय. ते म्हणाले, पेटी.

“आबा, पेटी इथं आहे,” हर्षाली ओसरीतून म्हणाली.

तिनं त्या कापडी पिशवीतून एक काळा डबा काढून टेबलावर ठेवला. शाळेला नेतात तसला, दोन चपात्यांचा डबा. गेणभाऊंनी तो उचलला. एका हातात मावला. त्यांनी तो वरखाली करून बघितला, जणू खरी पेटी त्याच्या आत घडी करून ठेवली असावी.

“ही पेटी?”

“हीच. दिसायला लहान, पण कामाला तगडी.”

“आन् मोटी?”

“मोठी आता कुणी घेत नाही, आबा.”

गेणभाऊंनी डबा ठेवला आणि ते अंगणातल्या आपल्या पायवाटेवर गेले. सोसायटीचा तो मुळं धरलेला कॉम्प्युटर त्यांच्या डोळ्यांसमोर होता आणि त्याच्या भोवतीनं रंग देणारा रंगारी त्यांना हसत होता. फेरी मारून ते ओसरीपाशी येत, डब्याकडे बघत आणि पुन्हा फिरत. हर्षाली पायरीवर येऊन बसली. दोन-तीन फेऱ्या तिनं जाऊ दिल्या.

मग तिनं सांगून टाकलं. कंपनीनं तिला साच्यांच्या कामावरच बोलावलं होतं. साचा कापताना जो तिथं असतो, तोच पुढं शिकतो. सोमवारी सकाळी जायचं, शुक्रवारी संध्याकाळी परत. इंदूची चाकणला खोली होती. इंदूचा पडदा चांगला होता, पण त्याची पेटी जळाली होती. आधी हर्षालीच्या मनात ऑल-इन-वन घेऊन सगळंच तिकडं न्यायचं होतं.

“पण तुमची गोष्ट ऐकली आणि पटलं. डबा तेवढा माझ्यासोबत जाईल. तिकडं इंदूच्या पडद्याला जुंपायचा, इकडं आपल्या. मला जायचंय आबा. पण सगळं उचलून नाही जायचं.”

गेणभाऊंच्या लक्षात आलं, की आपण आपल्याच हातानं दावं सोडलं. तेही अख्ख्या दुकानासमोर, तेही इतक्या झोकात. ऑल-इन-वन जड होता, अवघड होता, एखाद्या वेळी राहिलाही असता. हा डबा तर ओच्यातून जाईल.

काहीतरी विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं, “ही इंदू कुनाची?”

हर्षालीनं पायरीवरचं गवत उपटलं. “इंद्रायणी. पारगावची. दादाभाऊंची नात.”

गेणभाऊ थांबले. चालता चालता थांबले, जागच्या जागी, एक पाय पुढं एक मागं. त्यांच्या मागच्या कोंबड्याही थांबल्या. मोहिनी चुलीपुढून उठून दारात आली, कारण सासऱ्यांच्या चपलांचा आवाज बंद झालेला तिनं लग्न होऊन आल्यापासून ऐकला नव्हता.

“तुम्ही नको म्हणालात तर दुसरी खोली बघीन,” हर्षाली म्हणाली. “पण जाईन.”

 थोड्या वेळानं चपला पुन्हा वाजायला लागल्या.

रविवार त्यांनी कसाबसा काढला. हर्षालीनं डबा जोडून पडदा लावला, त्यावर साच्याचं चित्र काढून दाखवलं. गेणभाऊंनी ते उभ्या उभ्या बघितलं आणि जू असं वाकडं का, असं विचारलं. सोमवारी सकाळी तिनं डबा पिशवीत टाकला, स्कुटीला किक मारली, आणि उसाच्या वळणापर्यंत मागं वळून हात केला. गेणभाऊ वळणापर्यंत चालत गेले, परत आले.

ओसरीत पडदा तसाच उभा होता, काळा. त्यांनी वाकून पाहिलं, तर त्यात एक म्हातारा वाकून बघत होता. ते इकडं सरकले, तोही सरकला. त्यांनी घसा खाकरला आणि वजीरच्या सावलीची गोष्ट काढली. पडद्यातल्या म्हाताऱ्यानं तोंड हलवलं, पण ‘मग’ काही म्हटलं नाही. उलट तोच गोष्ट सांगायला लागल्यासारखा दिसला. गेणभाऊंना ते सहन झालं नाही. त्यांनी खुंटीवरची वजीरची आरशांची झूल काढली, झटकली आणि पडद्यावर पांघरली. शर्यत सोडून बैल रिकामा उभा असला, की त्याला उघडं ठेवत नाहीत.

मग ते निघाले. कारखान्याकडं चाललेल्या उसाच्या ट्रॅक्टरवर बसले, पण ट्रॅक्टर फार सावकाश वाटला म्हणून उतरले आणि त्याच्या पुढं गेले. वाटेत बिबट्यानं रस्ता ओलांडला, असं त्यांनी नंतर सांगितलं. बिबट्यानं विचारलं नाही कुठं चाललात, कारण गेणभाऊंचा चेहरा बोलण्यासारखा नव्हता.

पारगावला दादाभाऊंच्या वस्तीशी आल्यावर मान आपोआप उजवीकडं वळली. त्यांनी ती हातानं सरळ केली आणि आत शिरले. दादाभाऊ गोठ्यात वैरण टाकत होते. जुन्या धुरेतला एक बैल अजून दावणीला होता. त्यानं वास घेतला आणि हंबरला.

दादाभाऊ वळून न बघता म्हणाले, “पावनं वाट चुकलं जनू.”

“वाट न्हाई चुकलो. आपला गाडा जुंपलाय चाकनला, त्ये सांगाया आलो.”

“कळलं मला. इंदीनं फोन केलता. पडदा आमचा.”

“पेटी आमची.”

“म्हंजी धुर आमचीच की.”

“आन् जुकाट आमचं.”

दादाभाऊंनी वैरणीची पेंढी खाली ठेवली. ओट्यावर घोंगडी होती, ती त्यांनी पसरली आणि एका कडेला बसले. गेणभाऊ उभेच. या पायावरून त्या पायावर. दोघंही दावणीकडं बघत राहिले. बैल मात्र बिनलाजा, गेणभाऊंचा सदरा चाटत होता.

“पोरींचं बरं हाय,” शेवटी दादाभाऊ म्हणाले. “तितं भोंगा न्हाई. पुकारायला कुनी न्हाई.”

गेणभाऊंनी खाकरलं. म्हणाले, परवा आळेफाट्याला गेलो होतो. दुकानात हत्तीएवढा कॉम्प्युटर, चारी बैल एकाच कातड्यात शिवलेले. दुकानदार पाया पडत होता, घ्याच म्हणून. नात भुलली. मी म्हटलं, थांब.

ते थांबले. सवयीनंच थांबले, जिथं हर्षालीसाठी थांबायचे तिथंच. दादाभाऊंनी तंबाखू मळता मळता मान वर केली.

“मग?”

गेणभाऊ घोंगडीच्या दुसऱ्या कडेला टेकले. पाय लोंबकळत हलत होते, पण बूड टेकलं होतं.

“नाव तुजं आदी घाल,” ते म्हणाले. “पन सेकंद म्या सांगनार.”

दादाभाऊंनी तंबाखू दाढेत धरला, विचार केला. “किती सांगशील?”

“सांगू तर दे. बैल तापू देत की.”